नूतनीकरणानंतरचे घर : काय लगेच पुसावे आणि कशाला हात लावू नये

घराच्या नूतनीकरणाचे काम संपून कारागीर हत्यारे आवरून गेले, की घरातली माणसे बहुधा त्याच संध्याकाळी बादली आणि फडके घेऊन कामाला लागतात. फरशी चार वेळा पुसली जाते, बादलीतले पाणी चारही वेळा दुधाळ होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून उन्हाचा कवडसा आत आला की तीच पांढरी साय फरशीवर पुन्हा पसरलेली दिसते. मेहनत कमी पडलेली नसते. कामाचा क्रम चुकलेला असतो.

क्रमाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. काम नुकतेच संपलेल्या घरात काही पदार्थ तासागणिक अधिक घट्ट होत असतात. टाइलवर सांडलेले सिमेंट, टाइलच्या सांध्यांत भरायच्या इपॉक्सी ग्राउटचा चिकट थर, काचेवर उडालेले रंगाचे शिंतोडे, लॅमिनेटच्या कडेने ओघळलेला गोंद हे सगळे आज थोड्या श्रमात निघते आणि आठवड्याने खरवडून काढावे लागते. याउलट काही पदार्थ अजून पुरते घट्ट झालेलेच नसतात. भिंतीचा नवा रंग, सिमेंटचे ग्राउट, बेसिनच्या कडेचे सिलिकॉन आणि लाकडावरचे पॉलिश वरवर कोरडे लागले तरी आतून अजून पक्के व्हायचे असतात, आणि त्यांना आज घासले तर झालेले नुकसान पुढे भरून येत नाही. नूतनीकरणानंतरची सफाई अवघड वाटते ती यामुळे, की या दोन्ही प्रकारच्या वस्तू एकाच खोलीत, कधी कधी एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी असतात.

धूळ समजून घेतल्याशिवाय फडके हातात घेऊ नये

घरात रोज साठणारी धूळ आणि बांधकामाची धूळ यांत मोठा फरक आहे. रोजच्या धुळीत कपड्यांचे तंतू, केस आणि माती यांचा भाग मोठा असतो, त्यामुळे तिचे पुंजके होतात आणि ती झाडूला सापडते. बांधकामाच्या धुळीत घासलेल्या पुट्टीची भुकटी, सिमेंट, जिप्सम, कापलेल्या टाइलचा आणि ग्रॅनाइटचा चुरा, प्लायवुडचा बारीक भुसा असे पदार्थ असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर या धुळीतले असंख्य कण १० मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण छतापासून फरशीपर्यंत काही मिनिटांत उतरतो. १ मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर कापायला कित्येक तास लागतात, आणि तेवढ्यात कोणी पंखा लावला किंवा दार जोरात आपटले तर त्याचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पुसलेल्या फरशीवर सकाळी दिसणारी साय ही अशी रात्रभर हवेतून उतरलेली असते. म्हणूनच ही सफाई एका दिवसात उरकत नाही. किमान तीन हात द्यावे लागतात आणि दोन हातांच्या मध्ये साधारण एक दिवसाचे अंतर ठेवावे लागते.

या धुळीचा त्रास केवळ डोळ्यांना नसतो. टाइल, ग्रॅनाइट आणि काँक्रीट कापताना उडणाऱ्या भुकटीत स्फटिकरूप सिलिका असते, आणि तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. कामाच्या जागी वर्षानुवर्षे ही धूळ श्वासातून घेणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये अशा सिलिकाची नोंद माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. चार दिवस घर साफ करणाऱ्याला तेवढा धोका नसतो, हे खरे. पण कोरड्या केरसुणीने ती धूळ मुद्दाम हवेत उडवण्याचेही काही कारण नाही. दमा असलेल्या व्यक्ती, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी पहिल्या दोन हातांच्या वेळी घरात थांबू नये.

घर जुने असेल आणि कामात जुना तैलरंग खरवडला किंवा घासला गेला असेल, तर त्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरावी. शिशाची मुलांसाठी सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, आणि रांगणारे मूल हात तोंडात घालत असल्याने फरशीवरची धूळच त्याच्यापर्यंत आधी पोहोचते. अशा घरात कोरडे झाडणे पूर्णपणे वर्ज्य करावे, पुसण्याचे फडके पुन्हा न वापरता टाकून द्यावे आणि शक्य असेल तर हे काम प्रशिक्षित माणसांकडून करून घ्यावे.

सफाईच्या आधीची आवराआवर

सर्वप्रथम राडारोडा घराबाहेर काढावा. विटांचे तुकडे, टाइलचे काप, खिळे, तारांचे तुकडे आणि प्लायवुडची फळकुटे पोत्यात भरताना धारदार टोके आत राहतील असे पाहावे. पोती अर्धीच भरावीत, कारण राडारोड्याने काठोकाठ भरलेले पोते उचलताना हमखास फाटते आणि नव्या फरशीवर पहिला ओरखडा तिथेच पडतो. सिमेंट, पुट्टी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस कालवलेले पाणी कोणत्याही परिस्थितीत बेसिनमध्ये, संडासात किंवा नाहणीत ओतू नये. हे पदार्थ घट्ट व्हायला कोरड्या हवेची गरज नसते. ते पाण्याखालीही घट्ट होतात आणि पाइपच्या वळणात दगड होऊन बसतात. उरलेला रंग आणि थिनर यांनाही नाहणीची वाट दाखवू नये. ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून घातक कचऱ्यासाठी असलेल्या व्यवस्थेकडे द्यावेत.

एक गोष्ट जवळजवळ कोणी सांगत नाही, म्हणून ती इथे थोडी थांबून सांगतो. लाकडाला जवसाच्या तेलाचे किंवा तत्सम वाळणाऱ्या तेलाचे पॉलिश केले असेल, तर त्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. चिंध्यांच्या ढिगाऱ्यात ती उष्णता कोंडते आणि काडी न लावताही चिंध्या पेट घेऊ शकतात. अशा चिंध्या मोकळ्या जागी, ज्वलनशील वस्तूंपासून दूर, एकेक सुट्या पसरून पूर्ण वाळू द्याव्यात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

यानंतर वातानुकूलन यंत्र आणि छताचे पंखे बंद असल्याची खात्री करावी. काम चालू असताना वातानुकूलन यंत्र वापरले गेले असेल तर त्याची जाळी धुवून भागत नाही. आतल्या कॉइलवरही भुकटी चिकटलेली असते आणि तिला दमटपणा मिळाला की तिचा लेप तयार होतो. अशा वेळी तंत्रज्ञाकडून आतून सफाई करून घेईपर्यंत ते सुरू न करणे बरे. धूरसूचक यंत्रावर कारागिरांनी प्लास्टिक बांधले असेल तर ते सफाई संपताच काढायचे आहे, हे कुठेतरी लिहून ठेवावे, कारण छताकडे नंतर कोणी पाहत नाही. ज्या खोल्यांत काम झालेच नाही त्यांची दारे बंद करून खालच्या फटीत ओला टॉवेल लावावा.

साहित्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. मायक्रोफायबरची भरपूर फडकी, दोन बादल्या, मऊ ब्रश, प्लास्टिकची खरवडणी, सौम्य साबण, रबरी हातमोजे, डोळ्यांसाठी चष्मा आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ दर्जाचा मास्क एवढे पुरते. ओढणी किंवा रुमाल बांधल्याने सूक्ष्म कण अडत नाहीत. ओल्या सिमेंटचा पीएच १२ च्या वर असतो आणि सिमेंटच्या धुळीला पाणी लागले की तीही तशीच तीव्र अल्कधर्मी होते. हातमोजे न घालता दिवसभर पुसत राहिले तर बोटांची कातडी सोलवटते.

खर्च करायचाच असेल तर तो व्हॅक्यूम क्लीनरवर करावा किंवा ते भाड्याने आणावे. मात्र घरातले साधे व्हॅक्यूम क्लीनर या कामाला लावू नये. ते मोठे कण ओढून घेते आणि सूक्ष्म कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडते, शिवाय जिप्समची भुकटी त्याच्या मोटरपर्यंत पोहोचली की यंत्राचे आयुष्यही संपते. हेपा गाळणी असलेले, कागदी किंवा कापडी पिशवीचे यंत्र हवे. खऱ्या हेपा गाळणीत ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडतात.

पहिला हात : कोरडा, आणि वरून खाली

पहिल्या हातात पाण्याचा वापर जवळजवळ करू नये. पुट्टी आणि जिप्समच्या जाड थरावर ओले फडके फिरवले की त्या थराचा चिखल होतो, तो लाकडाच्या रेषांत आणि टाइलच्या खडबडीत पृष्ठभागावर जाऊन बसतो आणि वाळल्यावर पांढरे ओघळ उमटतात. त्यामुळे आधी जेवढी धूळ कोरड्यानेच ओढून घेता येईल तेवढी ओढून घ्यावी.

सुरुवात छतापासून करावी. छताचे कोपरे, फॉल्स सीलिंगच्या खाचा, पंख्याची पाती, दिव्यांचे सांगाडे, पडद्यांच्या दांड्या, कपाटांचे माथे, दाराच्या चौकटीची वरची कड, मग भिंती, मग खिडक्या, फर्निचर आणि शेवटी फरशी असा क्रम ठेवावा. पंख्याच्या पात्यावर जुनी उशीची खोळ चढवून ती बाहेर ओढली तर सगळी धूळ खोळीतच राहते. घराचा क्रमही असाच असावा: सर्वांत आतली खोली आधी आणि मुख्य दार शेवटी, म्हणजे साफ झालेल्या भागातून पुन्हा ये-जा करावी लागत नाही. व्हॅक्यूम क्लीनर नसेल तर किंचित ओलसर केलेला लाकडाचा भुसा फरशीवर पसरून तो झाडून घ्यावा; भुशाला धूळ चिकटते आणि उडत नाही. मात्र संगमरवर किंवा फिक्या रंगाच्या दगडावर भुसा ओला राहिला तर डाग पडतो, तिथे ही युक्ती टाळावी.

कपाटे रिकामी असतानाच त्यांचे खण बाहेर काढून आतून साफ करावेत. खणांच्या सरकत्या पट्ट्यांत भुसा अडकला की त्या काही दिवसांतच अडखळू लागतात, आणि मग लोक त्यांत तेल ओततात. तेलाला धूळ अधिकच चिकटते. ब्रश आणि व्हॅक्यूमने भुसा काढला तर बहुतेक वेळा तेलाची गरजच पडत नाही. स्विचबोर्ड आणि सॉकेट यांच्या बाबतीत मुख्य पुरवठा बंद करून केवळ बाहेरून कोरड्या ब्रशने धूळ काढावी. आवरण उघडून आतली सफाई करायची असेल तर ते काम इलेक्ट्रिशियनचे आहे.

सरकत्या खिडक्यांच्या चौकटीत खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने लहान छिद्रे असतात. पावसाचे पाणी त्यांतून बाहेर जाते. बांधकामाच्या भुकटीने ही छिद्रे हमखास बुजतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी घरात आले की दोष खिडकी बसवणाऱ्याला दिला जातो. पट्टीतली धूळ ब्रशने काढून छिद्रे पातळ तारेने मोकळी करावीत आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जाते का ते पाहावे.

आजच काढायच्या गोष्टी

धुळीचा पहिला हात झाला की लगेच चिकटलेल्या डागांकडे वळावे.

टाइलवर पसरलेला सिमेंट ग्राउटचा पातळ धुरकट थर पहिल्या दिवशी ओलसर स्पंजने आणि नंतर कोरड्या फडक्याने निघतो. इथे स्पंज नीट पिळलेला असावा, कारण सांध्यातले ग्राउट अजून कोवळे असते आणि जास्त पाण्याने त्याचा रंग फिका व चट्ट्याचट्ट्यांचा होतो. थर जुना झाला असेल तर सिरॅमिक टाइलवर सल्फॅमिक आम्लाचे सौम्य द्रावण वापरता येते. पण ग्राउट पक्के झाल्यावर, टाइल आधी साध्या पाण्याने भिजवून, एका कोपऱ्यात चाचणी घेऊन आणि नंतर भरपूर पाण्याने धुवून. इपॉक्सी ग्राउटचे गणित आणखी कडक आहे. त्याचा थर लावल्यापासून काही तासांतच उत्पादकाने सांगितलेल्या द्रवाने पुसावा लागतो. एक दिवस उलटला की तो प्लास्टिकसारखा कडक होतो आणि त्यासाठी खास द्रावणाची गरज पडते. हे काम कारागिराकडूनच, तो घरात असताना, उजेडात तिरपे पाहून करून घ्यावे.

आता तीव्र आम्लाविषयी. बाटलीतले हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून सिमेंटचे डाग क्षणात घालवण्याची सवय इतकी रुळलेली आहे, की त्याशिवाय सफाई झालीच नाही असे अनेकांना वाटते. माझे मत असे, की नव्या घरात ही बाटली आणूच नये. संगमरवर हा मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे. त्यावर आम्लाचा थेंब पडला की फेस येतो आणि तेवढ्या जागेचे तकाकी असलेले पृष्ठ कायमचे खाल्ले जाते. तो डाग नसून खड्डा असतो, त्यामुळे पुसून जात नाही. दगड पुन्हा घासून पॉलिश करावा लागतो. सिमेंटच्या ग्राउटलाही हे आम्ल पोखरते, आणि त्याच्या वाफांनी नळांवरचा क्रोमचा मुलामा व स्टीलच्या बिजागऱ्या दुरूनही काळ्या पडतात. जीवाचा धोका वेगळाच. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइन तयार होते, आणि बंद न्हाणीघरात हे दोन्ही वायू प्राणघातक ठरू शकतात. एक रसायन वापरल्यावर ती जागा धुवून, वारा खेळवून मगच दुसरे वापरावे; दोन्ही एकाच दिवशी न वापरणे सर्वांत उत्तम.

संगमरवर आणि इतर नैसर्गिक दगडांसाठी तटस्थ पीएचचा साबण आणि कोमट पाणी एवढेच वापरावे. व्हिनेगर आणि लिंबू हे घरगुती असल्यामुळे निरुपद्रवी वाटतात, परंतु संगमरवराच्या दृष्टीने तीही आम्लेच आहेत.

काचेवरचे रंगाचे शिंतोडे काढताना काच कधीही कोरडी घासू नये. तिच्यावर बसलेल्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कठीण असतात. कोरडे फडके फिरवले की तेच कण काचेवर रेघा ओढतात. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग साबणाचे पाणी लावून शिंतोडे मऊ होऊ द्यावेत आणि ओल्या काचेवर नवे पाते एकाच दिशेने, मागेपुढे न करता, फिरवावे. टफन केलेल्या (उष्णतेने कणखर बनवलेल्या) काचेवर पाते शक्यतो टाळावे, कारण तिच्या पृष्ठभागावर तयार होतानाच चिकटलेले सूक्ष्म कण असू शकतात आणि पात्याबरोबर ते घसटले की लांब ओरखडे उमटतात. तिथे डाग मऊ करून प्लास्टिकच्या खरवडणीने काढावेत.

खिडक्यांच्या चौकटी, हँडल, स्टीलच्या वस्तू आणि लॅमिनेट यांवरचे संरक्षक प्लास्टिक लगेच सोलून काढावे. नवेपण टिकावे म्हणून ते महिनोन्‌महिने तसेच ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. उन्हाने त्याचा गोंद भाजून निघतो आणि मग प्लास्टिक तुकड्यातुकड्यांनी निघते, गोंद मात्र जागेवरच राहतो. मास्किंग टेपचेही तसेच. लॅमिनेटवरचा गोंद आधी बोटाने किंवा रबराने चोळून त्याचे वळकुटे करून काढावा. न निघाल्यास फडक्याच्या टोकाला थोडे स्पिरिट किंवा योग्य द्रावक लावून, लपलेल्या जागी चाचणी घेऊन, पुसावे. द्रावक थेट लॅमिनेटवर ओतला तर तो कडेने आत शिरून खालचा गोंद सैल करतो.

स्टीलच्या सिंकमध्ये लोखंड कापताना उडालेला कीस पडलेला असतो. तो ओला होऊन गंजतो आणि सिंकच गंजले असा समज होतो. तारेची घासणी वापरली तर लोखंडाचे आणखी कण त्यात रुततात, म्हणून नायलॉनची घासणी आणि ऑक्झॅलिक आम्ल असलेली स्टीलसाठीची पावडर वापरून, स्टीलच्या रेषांच्या दिशेनेच घासावे.

दुसरा आणि तिसरा हात

एक दिवस जाऊ द्यावा, म्हणजे हवेतली धूळ खाली बसते. दुसऱ्या हातात पुन्हा छतापासून सुरुवात करून आधी व्हॅक्यूम आणि मग, नव्या रंगाचे छत व भिंती सोडून, ओलसर फडके असा क्रम ठेवावा. दोन बादल्यांची पद्धत इथे फार उपयोगी पडते: एका बादलीत सौम्य साबणाचे पाणी, दुसरीत फक्त फडके खळबळण्याचे पाणी. खळबळण्याचे पाणी गढूळ दिसू लागले की लगेच बदलावे. एकाच बादलीत दिवसभर फडके बुडवणे म्हणजे सिमेंटचे पातळ द्रावण सगळ्या घरभर लावण्यासारखे आहे, आणि फरशीवर वाळल्यावर दिसणारे पांढरे पट्टे बहुधा तेच असतात. लाकडी किंवा लॅमिनेटच्या फरशीवर फडके इतके पिळलेले असावे की मागे राहिलेला ओलावा एक-दोन मिनिटांत उडून जाईल.

तिसरा हात आणखी एक-दोन दिवसांनी द्यावा आणि त्या आधी संध्याकाळी खोलीत अंधार करून टॉर्च फरशीला व भिंतीला जवळजवळ समांतर धरून पाहावे. वरून पडणाऱ्या उजेडात जे दिसत नाही ते या तिरप्या प्रकाशात स्पष्ट दिसते. गाद्या, पडदे आणि कपडे या हातानंतरच घरात आणावेत.

नळ आणि नाहणी

नवी पाइपलाइन टाकली असेल तर पाइपांत वाळू, धातूचा कीस आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे राहिलेले असतात. प्रत्येक नळाच्या तोंडाशी असलेली जाळी आटे फिरवून काढावी, नळ काही मिनिटे पूर्ण सोडावा आणि मग जाळी धुवून परत बसवावी. शॉवरच्या चाळणीचेही तसेच करावे. पाण्याची टाकी उघडी राहिली असेल तर ती धुतल्याशिवाय पाणी पिण्यासाठी घेऊ नये.

नाहणीची जाळी उचलून आतल्या ट्रॅपमधला गाळ हाताने काढावा. पाणी ओतून तो पुढे ढकलू नये. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर उंचीचे पाणी साठून राहते आणि तेच गटारातला वायू घरात येण्यापासून अडवते. काम चालू असताना न्हाणीघर आठवडेच्या आठवडे वापरात नसेल तर हे पाणी उडून जाते आणि दुर्गंधी येऊ लागते. अशा वेळी सुगंधी द्रव फवारण्यापेक्षा बादलीभर पाणी ओतावे. बेसिन आणि सिंकखालच्या प्रत्येक जोडाला कोरडा कागद गुंडाळून रात्रभर ठेवला तर डोळ्यांना न दिसणारी गळतीही सकाळी कागदावर दिसते.

ज्यांना अजून हात लावायचा नाही

पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग तासाभरात हाताला कोरडा लागतो, पण त्याचा थर पुरता पक्का व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. डब्यावर धुण्यायोग्य असे लिहिलेले असले तरी ते त्या मुदतीनंतरचे वर्णन असते. मी स्वतः आठवडाभराच्या मॅट रंगावरचा एक लहानसा हाताचा डाग ओल्या फडक्याने मोठ्या निष्ठेने चोळला होता; डाग गेला, पण त्या जागी तळहाताएवढा चकाकणारा पट्टा उमटला आणि पूर्ण भिंत पुन्हा रंगवेपर्यंत तो तसाच राहिला. या काळात भिंतीवरची धूळ केवळ कोरड्या मऊ ब्रशने किंवा मायक्रोफायबरने, दाब न देता काढावी आणि फर्निचर भिंतीला टेकवू नये.

सिलिकॉन साधारणपणे दिवसाला दोन ते तीन मिलिमीटर खोलीपर्यंत पक्के होते, म्हणून किमान २४ तास त्यावर पाणी पडू देऊ नये आणि जाड थर असेल तर आणखी थांबावे. सिमेंटच्या ग्राउटवर सीलर (ओलावा आणि डाग अडवणारा लेप) लावायचा असेल तर ग्राउट पूर्ण वाळल्यानंतर, उत्पादकाने दिलेल्या मुदतीनुसार लावावा. घाई केली तर आतला ओलावा कोंडून सांधे पांढुरके होतात. इपॉक्सी ग्राउटला सीलर लागत नाही. सिमेंटचा गिलावा किंवा काँक्रीट नवे असेल तर त्याची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने मोजली जाते, त्यामुळे जड वस्तू टांगण्याची घाई करू नये. लाकडावरच्या पॉलिशवर पहिला महिना गरम भांडी, ओले पेले आणि रबरी पाय असलेल्या वस्तू ठेवू नयेत. रबरातील द्रव्ये कोवळ्या पॉलिशमध्ये उतरून कायमचे डाग पडतात. नव्या फरशीवर गालिचा अंथरायलाही थोडे थांबावे, म्हणजे खालचा ओलावा निघून जातो.

नव्या घराचा वास

नव्या रंगाचा आणि फर्निचरचा वास अनेकांना आवडतो, पण तो मुख्यतः बाष्पशील सेंद्रिय संयुगांचा असतो. प्लायवुड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड अशा दाबून बनवलेल्या लाकडी फळ्यांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा वायू महिनोन्‌महिने हळूहळू सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी दिलेली त्याची मर्यादा ३० मिनिटांच्या सरासरीने घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम इतकी आहे. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो अधिक वेगाने सुटतो, म्हणून उन्हाळ्यात बंद ठेवलेल्या घरात शिरताना डोळे चुरचुरतात.

यावर खरा उपाय एकच: समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा आरपार खेळवणे, आणि कपाटांची दारे व खणही उघडे ठेवणे, कारण सर्वाधिक वायू तिथेच कोंडलेला असतो. कुंड्या आणून ठेवल्याने हवा शुद्ध होते हा समज १९८९ मध्ये नासाने केलेल्या प्रयोगातून पसरला. ते प्रयोग लहान बंद पेटीत झाले होते, आणि खऱ्या खोलीत तसा परिणाम दिसायला खोलीचे जंगल करावे लागेल. हेपा गाळणी धूळ अडवते, वायू अडवत नाही. सक्रिय कोळशाच्या गाळणीने थोडी मदत होते, पण ती वेळोवेळी बदलावी लागते. बोर्डांच्या उघड्या राहिलेल्या, लॅमिनेट न लावलेल्या कडा मात्र जरूर शोधाव्यात. कपाटाच्या मागे आणि तळाशी त्या सापडतात, आणि त्यांवर एज बँड (कडेवर चिकटवायची पट्टी) किंवा सीलर लावून घेतल्यास वायूचे प्रमाण खरोखर घटते. रंग आणि पॉलिशचा वास तीव्र असेपर्यंत त्या खोलीत झोपू नये.

पहिले वर्ष

पहिल्या महिन्यात वातानुकूलन यंत्राची जाळी दर आठवड्याला तपासावी, कारण फटींत लपलेली धूळ अजून बाहेर येत असते. आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) बसवले असेल तर त्याचे चाचणी बटण महिन्यातून एकदा किंवा उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने दाबून पुरवठा खंडित होतो का ते पाहावे. कपाटांच्या दारांचे वजन पडून बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात. दोन-तीन महिन्यांनी ते एकदा आवळून दारे सरळ रेषेत आणावीत.

नवा गिलावा वाळताना केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्यांची काळजी करण्याचे कारण नसते. त्या लगेच बुजवू नयेत. सर्व ऋतू एकदा उलटू द्यावेत आणि मग एकदाच भरून रंगवाव्यात. एखादी भेग वाढते आहे असा संशय आला तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहावी. महिन्याभराने भेग त्या रेघेपलीकडे गेलेली दिसली, किंवा ती दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी धावत असेल, तर अभियंत्याला दाखवावी.

भिंतीवर पांढरी, खारट भुकटी फुललेली दिसली तर ती ओल्या फडक्याने पुसू नये. पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत मुरतात आणि वाळल्यावर परत फुलतात. कोरड्या ब्रशने झाडून ओलावा कुठून येतो हे शोधावे. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर असे दिसल्यास जलरोधक थर किंवा पाइपचा जोड तपासून घ्यावा. वरून रंग मारल्याने काही महिन्यांची सुटका मिळते, एवढेच. कुठेही पाणी झिरपले तर ती जागा २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळवावी, कारण त्यानंतर बुरशी धरू लागते. ग्रॅनाइट किंवा संगमरवराच्या ओट्यावर दर सहा महिन्यांनी पाण्याचे काही थेंब टाकून दहा मिनिटे थांबावे. थेंबाखालचा दगड गडद झाला तर सीलर झिजला आहे आणि तो पुन्हा लावायला हवा.

एक काम कागदाचे आहे आणि ते पहिल्या आठवड्यातच करावे, कारण नंतर कोणालाच काही आठवत नाही. प्रत्येक भिंतीच्या रंगाचा शेड क्रमांक, ग्राउटचा रंग, लॅमिनेटचा क्रमांक, टाइलचा प्रकार आणि बॅच एका वहीत लिहावा. भिंती बंद होण्याआधी काढलेली पाइप आणि तारांची छायाचित्रे त्याच वहीला जोडावीत, म्हणजे पुढे खिळा ठोकताना अंदाज बांधावा लागणार नाही. पाणी बंद करण्याच्या प्रत्येक वॉल्व्हला त्याचे काम लिहिलेला टॅग बांधावा. प्रत्येक प्रकारच्या पाच-सहा अखंड टाइल आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत थोडा रंग राखून ठेवावा. बाटलीवर खोलीचे नाव आणि तारीख लिहावी व ती उन्हापासून दूर, उलटी न करता ठेवावी. टाइल सपाट न ठेवता कडेवर उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्पीतली सर्वांत खालची टाइल वजनाने तडकते, आणि गरज पडते तेव्हा नेमकी तीच हवी असते.